कागद बदलला की तुकडा फिरव

सर कुणाच्याही घरी गेले की आधी पाण्याचा पेला रिकामा करायचे आणि मग तो उलटा करून त्याचा तळ बघायचे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी तेच केलं. पेला झाला, तांब्या झाला, आईने चहा पुढे केला तर बशीसुद्धा खालून बघून झाली. ते गेल्यावर आईने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि तिच्या अहिराणीत विचारलं, "हाऊ मास्तर शे का कल्हईवाला?"

प्रश्न रास्त होता. सर आमच्या नंदुरबारच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, पण त्यांचा जीव लोखंडात होता. घराणं मूळचं राजस्थानातलं, आजोबांच्या वेळेपासून गावात भांड्यांचं दुकान. दुकान भाऊ चालवायचा आणि त्या भावाने सरांना दुकानात बसायला बंदी घातली होती. कारण सर गिऱ्हाईकाला सांगायचे, "ताई, हा कुकर नेऊ नका. याचा पत्रा ओढताना कोपऱ्यात पातळ झालाय, तिथूनच चीर जाईल." एका दिवाळीत असे चार कुकर परत फडताळात गेले, आणि भावाने हात जोडून म्हटलं की बाबा रे, तू कॉलेजातच बरा.

कॉलेजात त्यांच्याकडे प्रयोगशाळेच्या टोकाची एक खोली होती. शिपाई तिला लोखंडखोली म्हणायचे. एक जुना मायक्रोस्कोप, एक बेसिन, आणि भिंतभर कपाटं. कपाटांत तुटलेल्या वस्तू. उसाच्या चरकाचा दात, पंपाचा दांडा, मणिबेलीकडच्या एका होडीच्या इंजिनाचा तुकडा, कोणाच्या तरी आजीची अर्धी विळी. प्रत्येकीला सुतळीने बांधलेली चिठ्ठी: कुठली, कोणाची, काय करताना तुटली. या वस्तूंना सर पाहुणे म्हणत. सकाळी खोली उघडली की पहिला प्रश्न ठरलेला, "आज कोन पाहुना उना?" वर्गात त्यांची मराठी अगदी पुस्तकी असायची, पण खोलीचं दार ओलांडलं की ते अहिराणीवर यायचे. आणि मुलगा असो की मुलगी, सगळ्यांना भाऊ म्हणायचे. मीही भाऊच होते.

पाहुण्यांच्या बाबतीत त्यांचा एकच कडक नियम होता. तुटलेले दोन तुकडे एकमेकांना लावून बघायचे नाहीत. आता काही तुटलं की माणूस पहिलं काय करतो? जोडूनच बघतो. अगदी कपाची बशी फुटली तरी. पण सर म्हणायचे की तुटलेल्या जागेवर सगळी हकिगत लिहिलेली असते, तुम्ही घासून ती पुसून टाकता. लोकांना हे पटायचं नाही. तो होडीवाला तर दोन्ही तुकडे रबराने गच्च बांधून घेऊन आला होता, हरवू नयेत म्हणून. सरांनी ते रबर काढलं आणि दहा मिनिटं कोणाशी बोलले नाहीत.

माझी आई त्या होडीवाल्याच्याही पुढे गेली. मी पहिल्या वर्षाला असताना आमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची पिन तुटली. तापीकाठचं आमचं गाव, केळीचा हंगाम, आणि भरली ट्रॉली चढावर सुटली. कोणाला लागलं नाही, पण बाबांनी ड्रायव्हरला धारेवर धरलं. जास्त माल भरलास, उद्यापासून येऊ नको म्हणाले. तो बिचारा शपथा घेत होता. मी म्हटलं, सरांना दाखवते. तर सकाळी बघते काय, आईने दोन्ही तुकडे चिंच आणि राख लावून लखलखीत घासून ठेवलेले. मास्तरांकडे असलं मातेरं कसं न्यावं, म्हणून!

सरांनी तो चकचकीत तुकडा हातात घेतला आणि डोळे मिटले. "आईना हात चांगला शे, भाऊ," ते म्हणाले, "पन पुरावा गया." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, मला म्हणाले, घरी जा आणि ट्रॉलीच्या हुकाचं भोक बघ. गेले. खरंच तिथे ग्रीसमध्ये एक नखाएवढी कपची अडकून होती आणि ती आईच्या तावडीतून वाचली होती. त्या कपचीवर सरांनी मला शिंपल्यावर असतात तशा एकामागे एक बारीक रेघा दाखवल्या. चीर कित्येक महिने रोज थोडी थोडी पुढे सरकत होती, त्या दिवशी फक्त शेवटचं उरलं होतं ते तुटलं. ड्रायव्हरचा दोष नव्हता. बाबांनी त्याला दुसऱ्या दिवशी निरोप धाडला आणि स्वतःच्या हाताने चहा दिला. माफी नाही मागितली. आमच्या घरात तशी पद्धत नाही. मी मात्र त्या दिवसापासून लोखंडखोलीची झाले.

तिथे पहिलं वर्षभर मी नुसतं घासलं. धातूचा आतला पोत बघायचा तर तुकडा आधी आरशासारखा करावा लागतो. पॉलिशपेपरवर घासायचा, आधी खरबरीत, मग बारीक, मग आणखी बारीक. आणि प्रत्येक वेळी कागद बदलला की तुकडा काटकोनात फिरवायचा, म्हणजे आधीच्या रेघा आडव्या दिसतात. त्या एकूणएक जाईपर्यंत घासायचं, मगच पुढचा कागद. शेवटी ब्लाउजपीसच्या दुकानातून आणलेल्या मखमलीवर पावडर टाकून चकाकी आणायची. मग स्पिरिटमध्ये मिसळलेलं ॲसिड क्षणभर लावायचं, धुवायचं, आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायचं. तिथे लोखंडाचे कण दिसतात, शेजारी शेजारी, मधून काळ्या सीमा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओरडलेच, "सर, ही तर वावरं आहेत!" सर खूष झाले. "आनि ह्या बांध. माणसंबी बांधवरच भांडतस, लोखंडबी बांधवरच तुटस." मग लगेच बोट वर करून शुद्ध मराठीत, "नेहमी नाही."

कागद बदलला की तुकडा फिरव, हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं याला गणती नाही. वर्गात एखाद्याला उत्तर येत नसेल तर तेच, बसचं आरक्षण मिळत नसेल तरी तेच. मुलं म्हणायची, सर झोपेतसुद्धा काटकोनात कूस बदलत असतील.

खोलीत बेसिनच्या वर एक फोटो होता. काळा-पांढरा, लाकडी चौकटीतला. करड्या जमिनीवर काळ्या सुयांसारख्या रेघा, शेकडो, सगळ्या एकाच दिशेने, नुकतं वखरलेलं शेत असावं तशा. खाली तरुणपणीच्या वळणदार इंग्रजीत सरांची सही. सर एम.एस्सी.नंतर दूरच्या एका मोठ्या संस्थेत संशोधन करत होते, घरच्या दुकानासाठी सोडून आले, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. हा फोटो तिथला. तपासणी समिती आली की प्राचार्य त्यांना खास तो दाखवायला आणत, समिती "वा, वा" करी, आणि सर हात धुवायला लागत. अडचण आली की हात धुणं ही त्यांची सवयच होती. मी एकदा विचारलंही होतं, "सर, पुस्तकात तापवून पाण्यात बुडवलेल्या पोलादातल्या सुया कशाही आडव्यातिडव्या पडलेल्या असतात. तुमच्या फोटोत रांगेत कशा?" सर म्हणाले, "चांगला प्रश्न आहे," आणि नळ सोडला.

आता फळ्याबद्दल. पाण्याच्या टाकीशेजारी सरांनी एक फळा लावला होता, तहानलेला माणूस थांबतोच म्हणून. दर सोमवारी त्यावर संशोधनाच्या संधी लिहायचे. मटेरियल सायन्स, धातूंची सूक्ष्मरचना, उन्हाळ्याचे दोन महिने, अमुक संस्था, शेवटची तारीख. वरचं सगळं मराठीत. आणि खाली अहिराणीत एक ओळ कायमची: "ऱ्हानं-खानं त्यासनं. घरना नही म्हनतीन तर मी येसू समजाडाले." म्हणजे राहणं-खाणं त्यांचं, आणि घरचे नाही म्हणाले तर समजवायला मी येईन. शनिवारी पुसायचे, सोमवारी नवं. इतक्या वर्षांत एकानेही अर्ज केला नव्हता. पोरं पाणी पिऊन, तोंड पुसून निघून जायची. भावाने विचारलं, कोणासाठी लिहितोस? सर म्हणाले, दुकानाची पाटी तू रोज पुसतोस ना, गिऱ्हाईक नसलं तरी?

शेवटच्या वर्षी मी अर्ज करायचं ठरवलं. सरांनी फळ्यासमोर उभं राहून मला तो मजकूर दोनदा वाचायला लावला, जणू मी वाचलंच नसेल. अर्जासोबत स्वतः केलेल्या कामाचा एक फोटो आणि एक पानभर लेखन पाठवायचं होतं. आम्ही अक्कलकुव्याच्या बाजारात गेलो. डोंगरातला एक लोहार तिथे कुऱ्हाडी घेऊन बसतो, ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून बनवलेल्या. सरांनी त्याला विचारलं, किती तापवतोस? तो म्हणाला, "पयसना फूलना रंग ऊना का पानीमा." पळसफुलाचा रंग आला की पाण्यात. "आनि उनमा कधीच नही, सावलीमाच." सर मला म्हणाले, याच्या डोळ्यात थर्मामीटर आहे, याचं लोखंड बघ. आम्ही एक कुऱ्हाड घेतली.

नेमकं त्याच आठवड्यात सरांच्या पुतणीचं लग्न निघालं आणि ते घरच्यांबरोबर राजस्थानला गेले. शेवटची तारीख दोन दिवसांवर. मी कुऱ्हाडीच्या पात्याचा तुकडा घासायला घेतला. हात दुखत होते, जीव घाईत होता. तुकडा चमकला, ॲसिड लावलं, मायक्रोस्कोपखाली ठेवला. काळ्या सुया. शेकडो. सगळ्या एकाच दिशेने. मी मान वर करून भिंतीवर बघितलं. तोच फोटो! सरांना जे सापडलं होतं तेच मला आमच्या डोंगरातल्या कुऱ्हाडीत सापडलं होतं. मी तिथे एकटीच टाळ्या वाजवल्या. मोबाइलने आयपीसमधून फोटो काढला, लोहाराच्या सावलीतल्या कारागिरीमुळे सुया रांगेत वाढतात असं झोकात पानभर लिहिलं, आणि पाठवून दिलं.

पंधरा दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. ऑनलाइन, सोमवारी. घरी वादळ. बाबा म्हणाले, "लोखंड देखाले इतलं लांब कसाले जानं? आपला घरमा लोखंड कमी शे का?" सर आदल्याच दिवशी लग्नाहून परतले होते. फळ्यावर लिहिल्याप्रमाणे ते संध्याकाळी खरंच आमच्या घरी आले. पेल्याचा तळ बघितला, तांब्याचा बघितला, बशीचा बघितला. मग बाबांना म्हणाले, "भाऊ, लोखंड बठ्ठासकडे शे. देखता येस अशी आंडेर कितलासकडे शे?"

म्हणजे लोखंड सगळ्यांकडे असतं, ते बघता येणारी मुलगी किती जणांकडे असते? मुलीची अशी तारीफ बाबांच्या दारात कोणी केली नव्हती. थोड्या वेळाने म्हणाले, जाऊ द्या, बघू. आमच्याकडे याला होकार म्हणतात. मला त्या रात्री आनंदाने जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. मी खोलीत सरांना मोबाइल दिला, "बघा, सर." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो बघितला. मग भिंतीकडे बघितलं. मग परत फोटो. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आपल्यासारखंच दुसऱ्याला सापडलं याचं वाईट वाटलं असेल. इतकी मी मूर्ख.

"कागद बदलल्यावर तुकडा फिरवला होतास?" खोलीत, चक्क शुद्ध मराठीत.

मी आठवायला लागले. घाईत नव्हता फिरवला. शेवटचे तिन्ही कागद एकाच दिशेने ओढले होते. वरून आरसा दिसला, पण खाली रेघा दबून होत्या. ॲसिडने त्या उघड्या केल्या. सुया नव्हत्याच. ते माझे ओरखडे होते.

"त्यांना कळेल का?" मी विचारलं. आज लाज वाटते, पण मी हाच प्रश्न विचारला होता. "मुलाखतीला निवडलंय म्हणजे नसेल कळलं. आणि बाबा आत्ता कुठे हो म्हणालेत, सर. हे गेलं की पुढच्या वर्षी माझं लग्न आहे."

ते खरं होतं आणि त्यांनाही ठाऊक होतं. सर खुर्चीत बसले. "मीबी एक येळ..." असं काहीतरी सुरू केलं, आणि उठून हात धुतले. खूप वेळ धुतले. नळ बंद करून म्हणाले, "तुकडा काढ. परत घासू."

शुक्रवार, शनिवार आम्ही घासत होतो. म्हणजे मी घासत होते, सर समोर बसून प्रत्येक कागदाला फक्त "फिरव" म्हणत होते. शनिवारी दुपारी खरा चेहरा दिसला. बारीक सुया, कशाही पडलेल्या, कुठल्याही चांगल्या पाणी दिलेल्या पोलादात असतात तशा. काम उत्तम, शोध काहीच नाही. मला रडू आलं. लोहाराची कला खोटी नव्हती, मी तिच्यावर खोटं चिकटवलं होतं.

सरांनी मला मेल लिही असं एकदाही सांगितलं नाही. ते खिडकीशी पाठ करून उभे राहिले. मी मोबाइल काढला आणि लिहिलं: मी पाठवलेल्या फोटोतल्या रेघा या माझ्याच घासण्याचे ओरखडे आहेत. तुकडा फिरवायला मी विसरले. माझा निष्कर्ष चुकीचा आहे. दुरुस्त फोटो सोबत जोडला आहे. पाठवलं आणि सरांना म्हटलं, "गेला." ते वळले नाहीत. नुसती मान हलवली.

रविवार कसा गेला ते माझं मला माहीत. उत्तर आलं नाही, पण मुलाखत रद्दही झाली नाही. सोमवारी मी लोखंडखोलीत स्टँडच्या चिमट्यात मोबाइल अडकवून बसले. आवाज नको म्हणून सर बाहेर पाण्याच्या टाकीशी उभे राहिले आणि तासभर कॉलेजात कोणाला पाणी पिऊ दिलं नाही. आतून मला त्यांचा दबका आवाज ऐकू येत होता, "थांब रे भाऊ, मरी नही जावस तू." पडद्यावरच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, हे ओरखडे आहेत हे तुला कोणी सांगितलं? मी म्हटलं, माझ्या सरांनी. त्यांनी फक्त विचारलं की तुकडा फिरवला का. बाई हसल्या. मग बाकीचा वेळ आम्ही पळसाच्या रंगाबद्दल बोललो. आठवड्याने निवड झाल्याचं कळलं. सरांनी त्या सोमवारी फळ्यावर नवं काही लिहिलं नाही. तेच तसंच राहू दिलं आणि खाली जोडलं: "एक जन गया."

मी गेले. दोन महिन्यांचं पुढे पूर्णवेळ संशोधन झालं, आता मी तिथेच आहे. तिथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे, सगळं काही आहे. मी रोज फोटो बघते, दुसऱ्यांचेही. कण कुठला, सीमा कुठली, आणि ओरखडा कुठला, हे एका नजरेत सांगता यायला लागलं.

पहिल्या दिवाळीला घरी आले तेव्हा फराळाचा डबा घेऊन लोखंडखोलीत गेले. सर कपाटात तोंड घालून काहीतरी शोधत होते. मी हात धुवायला बेसिनशी गेले, सहज मान वर केली, आणि नळ तसाच चालू राहिला.

काळ्या रेघा, शेकडो, एकाच दिशेने. टोकं सरळ चौकटीबाहेर गेलेली. एक रेघ सुरू होते तिथे खरडल्याचा छोटा खड्डा. तीन वर्षं मी त्या फोटोखाली हात धुतले होते. त्यात एकही सुई नव्हती.

"नळ बंद कर, भाऊ," सर मागून म्हणाले. मी बंद केला. ते शेजारी येऊन उभे राहिले.

"ओयखं?"

मी मान डोलावली.

"तठे संस्थामा दुसरा दिन या फोटोवर सगळासना समोर बोलानं व्हतं," ते म्हणाले. "आदला दिन माले समजनं. सांगानी हिंमत नही व्हयनी. गाडीमा बसनू, घर उनू. बठ्ठासले सांगं, दुकानसाठे उनू." म्हणजे दुकान ही नुसती सबब होती. "मंग आठे टांगं. रोज हात धोवतांना देखाले. पन कोन्ही वा वा करं का तोंड उघडे नही. तेन्हामुळेच तू फसनी."

ज्या माणसाने मला फिरव, फिरव म्हणून घडवलं, त्याच्या मौनाने मला फसवलंही होतं, आणि हे तो स्वतःच्या तोंडाने सांगत होता. या खेपेला नळाकडे हात न नेता. मला ते त्या क्षणी जितके मोठे वाटले तितके आधी कधीच वाटले नव्हते.

"पण सर, तुम्हीच तर मला ते पत्र लिहायला..."

"मी एक शब्द बोलनू का?" ते म्हणाले. "मन्हा पत्र मी लिखं नही. तुन्हा पत्र तू लिखं."

मग त्यांनी कपाटातून जे शोधत होते ते काढलं. एक नवी कोरी लाकडी चौकट. "तुन्हा तो फोटो शे का मोबाइलमा? पयला, खोटा?" म्हणाले, "छापी आन. हाऊ आठे एकलाच कटाळी गया."

दुसऱ्या दिवशी मी तो छापून आणला. खाली सही केली, आणि सहीखाली लिहिलं: ओरखडे, तुकडा न फिरवता. सरांनी माझ्या हातातून पेन घेतलं, स्वतःची चौकट उतरवली, काच काढली, आणि त्या जुन्या वळणदार सहीखाली तेच शब्द लिहिले. मग दोन्ही फोटो शेजारी शेजारी टांगले, माझा काटकोनात फिरवून.